अ‍ॅप कोणतं ते नंतर, आधी तो अडतो कुठं ते पाहू

पत्र: नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यात राहतो. मुलगा साडेनऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. बोलण्यात कुणाला हार जाणार नाही. दिवाळीत अंगणात पन्हाळा केला होता. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, आल्यागेल्याला सगळं समजावून सांगत होता. पण नावाच्या पाट्या लिहायला बसला आणि ‘किल्ला’चं ‘कलिला’ केलं. वाचताना पहिलं अक्षर बघतो आणि पुढचं अंदाजानं ठोकून देतो. सकाळी पाठ झालेला शब्द संध्याकाळी त्याला नवाच असतो. बाई चांगल्या आहेत, पण वर्गात पोरं पुष्कळ. त्याचे बाबा म्हणतात, आळशी आहे, दोन ठेवून दिल्या की वाचेल. पालकांच्या ग्रुपवर विचारलं तर लिंकांचा पाऊस पडला. त्यातल्या एका ऑनलाइन कंपनीच्या मॅडमनी फोनवरच ‘डिस्लेक्सिया आहे’ म्हणून सांगितलं. वर्षाचं पॅकेज आहे, हप्ते पाडून देतो, आज भरलं तर सूट आहे म्हणाल्या. कोणतं अ‍ॅप घेऊ? पैसे भरू का? आणि सर्टिफिकेट काढलं तर पोरावर कायमचा शिक्का बसेल का? – एक आई

ताई, पैसे भरू नका. आजची सूट उद्या गेली तर जाऊ दे.

मुलाला समोर न बसवता, त्याची वही न बघता, त्याला ऐकू नीट येतं का हे न विचारता फोनवर कुणी ‘डिस्लेक्सिया’ म्हणत असेल तर ती तपासणी नव्हे, विक्री आहे. त्या मॅडमचा अंदाज कदाचित बरोबरही निघेल. तुम्ही लिहिलेल्या खुणा तशाच आहेत आणि मलाही तीच शंका येते. पण शंका वेगळी, निदान वेगळं. निदानासाठी डोळे आणि कान तपासतात, बुद्ध्यांकाची चाचणी होते, ज्या भाषेत तो शिकतो त्या भाषेत वाचन, लेखन आणि गणित घेतलं जातं, शाळेकडून त्याचा अभ्यास कसा चालला आहे ते कळवून घेतात. हे सगळं झाल्यावर ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असं लिहून मिळतं. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण, हा तिचाच एक प्रकार.

पुढेमागे कुणा तज्ज्ञाला पैसे द्यायची वेळ आलीच तर एक करा. विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचातज्ज्ञ आणि श्रवणतज्ज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. १९९२च्या कायद्यानं ती सक्तीची आहे. त्या नोंदणीला सीआरआर नंबर म्हणतात आणि परिषदेच्या वेबसाइटवर तो पडताळून बघता येतो. फोनवर सरळ विचारा, “तुमचा सीआरआर नंबर काय?” ज्याच्याकडे तो आहे तो लगेच सांगतो. जो विषय बदलतो त्याचा फोन ठेवून द्यायचा. आणि ‘सहा महिन्यांत पूर्ण बरा करू’ म्हणणाऱ्याचा तर आधीच ठेवायचा. डिस्लेक्सिया हा ताप नव्हे, की औषध दिलं आणि उतरला. मेंदूची अक्षरं आणि आवाज जुळवण्याची पद्धत वेगळी असते, ती आयुष्यभर तशीच राहते. योग्य रीतीनं शिकवलं तर मूल वाचायला शिकतं, हे मात्र खरं आणि मोठ्या आशेचं. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम असलं काही विकायला कुणी आलं तर लक्षात ठेवा, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं आहे की डिस्लेक्सियासाठी या उपायांना शास्त्रीय आधार नाही.

आता तुमच्या ‘कलिला’कडे येते, कारण सगळ्या पत्रात मला तोच शब्द सर्वांत कामाचा वाटला.

आपली लिपी बोलावं तशी लिहितात म्हणून सोपी, असं आपण म्हणतो. मोठ्या माणसाला ती तशी आहेही. पण मुलाच्या जागी बसून ‘कि’ बघा. आवाजात आधी ‘क’ येतो, मग ‘इ’. कागदावर मात्र वेलांटी आधी काढायची आणि मग क. म्हणजे कान सांगतो एक क्रम, हात करतो दुसरा. तुमच्या मुलानं कानाचं ऐकलं. ‘क’ ऐकू आला, तो लिहिला. मग वेलांटी काढली, पण तोवर क मागे गेलेला, म्हणून ती पुढच्या ‘ल’ला जाऊन बसली. जोडाक्षरातला अर्धा ल हातातून सुटला. ही चूक आळसाची नाही. आळशी मूल शब्द अर्धा सोडतं, तुमच्या मुलानं तो शेवटपर्यंत नेला आहे. ‘सूर्य’मधला रफार असाच. र आधी ऐकू येतो, पण तो बसतो य च्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म, ट आणि ठ आणि ढ, आणि ‘ख’चं ‘रव’ होणं, ही सगळी या मुलांची नेहमीची अडणारी ठिकाणं.

म्हणून पहिलं काम अ‍ॅपचं नाही, वहीचं. एक शंभर पानी वही घ्या. तो वाचताना किंवा लिहिताना जिथं अडतो तो शब्द जसाच्या तसा उतरवायचा. एका बाजूला मूळ शब्द, दुसऱ्या बाजूला त्यानं केलेला. तारीख टाकायची, चूक दुरुस्त करायची नाही, त्याला दाखवून रागवायचं तर मुळीच नाही. दोनेक आठवड्यांत तुम्हालाच दिसायला लागेल की तो सगळीकडे अडत नाही, ठरावीक जागी अडतो. कदाचित काना नीट वाचतो आणि वेलांटीला घसरतो. कदाचित सुटं अक्षर येतं, पण तीन अक्षरं एकत्र आली की पहिलं विसरतो. ही वही पुढे डॉक्टरला, बाईंना, विशेष शिक्षकाला, सगळ्यांना लागणार आहे. ग्रुपवर आलेल्या सगळ्या लिंका मिळून या वहीची बरोबरी करणार नाहीत. त्या वाईट आहेत म्हणून नव्हे, त्या पाठवणाऱ्यांपैकी कुणाला तुमचा मुलगा कुठं अडतो हे माहीत नाही म्हणून.

वही भरत असतानाच डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, २०१३ पासून ही योजना चालू आहे. शाळेत विचारा, यंदा आलं होतं का, तुमच्या मुलाच्या नावापुढं काय लिहिलं. नाहीतर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, ओपीडीत दाखवा. कमी ऐकू येणारं मूल ‘ट’ आणि ‘ठ’मध्ये घोळ घालू शकतं आणि आपण त्याला वाचनाचा दोष समजून बसतो.

आता ऑनलाइनचं. भांडार खरंच मोठं आहे, बरंचसं फुकट आहे आणि मराठीत आहे. पण तुम्हाला त्यातलं फार थोडं लागेल.

वाचायच्या सरावासाठी ‘प्रथम बुक्स’ या संस्थेची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट उघडा. २०१५ पासून चालू आहे, मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि त्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीला एका पानावर एखाद-दुसरं वाक्य असतं. गोष्टी डाउनलोड करून छापून घेता येतात, त्याला परवानगीच आहे. माझं ऐकाल तर छापूनच घ्या. कागदावर बोट ठेवता येतं, फोनवर बोट ठेवलं की पान पळतं. चौथीतल्या मुलाला पहिल्या पातळीची गोष्ट ‘बारक्यांची’ वाटू शकते, म्हणून प्राण्यांची, यंत्रांची, कुठल्यातरी कामाची गोष्ट निवडा. आधी तुम्ही वाचायची, मग दोघांनी मिळून, मग त्यानं. रोज नवी गोष्ट नको. एकच गोष्ट तीन-चार दिवस चालू दे. अडखळला तर शब्द तुम्ही सांगा आणि पुढं चला. परीक्षा घ्यायची नाही.

आणि एक सराव असा, जो कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाही. त्याला बोलू द्या आणि तुम्ही लिहून घ्या. घरात म्हैस असेल, रेडकू झालं असेल, तालमीत कुस्ती बघून आला असेल, जे असेल ते. तो म्हणाला, “आमची म्हस व्याली, रेडकू काळं कुळकुळीत हाय”, तर तसंच लिहा. ‘म्हस’चं ‘म्हैस’ करू नका, ‘हाय’चं ‘आहे’ करू नका. मग त्याला ते वाचायला द्या. वाक्य त्याचंच असल्यामुळं पुढचा शब्द काय येणार हे त्याला ठाऊक असतं आणि अक्षर आणि आवाज यांची गाठ तिथं पहिल्यांदा नीट बसते. प्रमाण भाषा नंतर येते, तिची घाई नको. शाळेत कुणी हरकत घेतली तर माझं नाव सांगा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती घरोघरी राहून जाते. वाचता येत नाही म्हणून त्याचं बाकीचं शिक्षण थांबता कामा नये. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवचरित्र आहे. तुमचा मुलगा अंगणात पन्हाळा उभा करतो, म्हणजे १६६०चा सिद्दी जौहरचा वेढा, विशाळगडाची वाट आणि घोडखिंड त्याला बाईंइतकीच पाठ असणार. आणि त्याच धड्यावरच्या लेखी परीक्षेत त्याला शून्याच्या आसपास गुण पडत असणार. विचार करा, त्याला स्वतःला काय वाटत असेल. ज्यातलं आपल्याला सगळ्यात जास्त कळतं त्यातच आपण नापास.

इथं फोन खरा उपयोगी पडतो. बालभारतीच्या पुस्तकातल्या धड्यांवर क्यूआर कोड छापलेले असतात. ‘दीक्षा’ अ‍ॅपनं तो कोड स्कॅन केला की त्या धड्याचं जे साहित्य उपलब्ध असेल ते उघडतं. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत आहेत. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ म्हणून भाग असतो, त्यात ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू केलं की स्क्रीनवरचा मजकूर निवडून फोनकडून मराठीत वाचून घेता येतो. काही पीडीएफ जुन्या फाँटमधल्या असतात, तिथं फोन भलतंच काहीतरी बडबडतो. तसं झालं तर फोन बिघडला समजू नका, पुस्तकाचं पान गूगल लेन्सनं टिपा आणि मग ऐकवा. सूर यंत्राचाच असतो, पण मुलं त्याला लवकर सरावतात. इतिहास आणि परिसर अभ्यास त्यानं ऐकून शिकावा, तोंडी सांगावा. वाचनाचा सराव वेगळ्या वेळी, वीसेक मिनिटं, तेवढाच. दोन्ही एकात एक करू नका, नाहीतर त्याला आवडणारा इतिहासही नावडता होईल.

याहून जास्त काही घेऊ नका. आत्ता तर नकोच. आणि ग्रुपवर त्याची वही, त्याचे फोटो, उद्या येणारे रिपोर्ट टाकू नका. मदत मागताना टाकलेला कागद गावभर फिरतो आणि पोर मोठं झाल्यावर त्याच्याच मित्राच्या फोनमध्ये निघतो.

बाईंसाठी थोडं. ताई, एवढा भाग त्यांना वाचायला द्या.

बाई, तुमच्यावर किती कामं असतात हे मला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीतली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही वाचनचाचणी तुमच्या परिचयाची असेलच. या मुलाची एकट्याची, वर्गाबाहेर, पाच मिनिटांत घ्या आणि तो कोणत्या पायरीवर आहे ते त्याच्या आईच्या वहीत लिहा. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ नावाचं अ‍ॅप खास शाळांसाठी आहे. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांच्या खुणा त्यात प्रश्नांच्या रूपात दिल्या आहेत. पहिला टप्पा वर्गशिक्षकांनी भरायचा, दुसरा विशेष शिक्षकांनी. त्यातून निदान होत नाही, पण पुढं कुणाकडं पाठवायचं ते कळतं. मग केंद्रप्रमुखांमार्फत गट साधन केंद्राला कळवा. समग्र शिक्षा अभियानातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तिथून शाळेवर येतात. एका शिक्षकाकडं अनेक शाळा असतात, त्यामुळं तोंडी निरोपावर थांबू नका, कागद द्या.

वर्गात तीन गोष्टी आजपासून करता येतील. त्याला सगळ्यांसमोर अचानक मोठ्यानं वाचायला उभं करू नका. वाचायला द्यायचंच असेल तर ओळ आदल्या दिवशी सांगा, घरून तयार करून येईल. फळ्यावरचं उतरवून घेण्यात त्याचा वेळ जातो, तेव्हा शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो आईला पाठवा किंवा उतरवायचं कमी द्या. आणि परिसर अभ्यासाची चाचणी तोंडी घ्या. वाचनाच्या तासाला वर्गातल्या सगळ्यांसाठीच आवाजाचे खेळ घ्या, ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरतं, ‘सागर’मधला ‘सा’ काढला तर काय. याला साहित्य लागत नाही, इंटरनेट तर नाहीच, आणि ज्याला वाचन जड जातं त्याला याचाच सर्वांत जास्त फायदा होतो.

हे उपकार म्हणून नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम १६ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की मुलांमधली विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्याचे योग्य उपाय करायचे, ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात ही अक्षमता धरलेलीच नव्हती. कितीतरी पोरं ‘ढ’ ठरून शाळेबाहेर गेली आणि पुढं चांगले कारागीर, चांगले व्यापारी होऊनही अर्ज भरायची वेळ आली की “चष्मा विसरलो” म्हणत राहिली. तुमच्या वर्गातल्या या मुलावर ती वेळ येऊ नये.

सर्टिफिकेटचं. ताई, शिक्का कागदानं बसत नाही. ‘ढ’ हा शिक्का त्याच्यावर आत्ताच बसलेला आहे, घरातही आणि वर्गातही. कागद आला तर उलट तो पुसायला आधार मिळेल. आपल्याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली, त्या स्वतः व्हीलचेअरवर. लोक काय म्हणतील म्हणून घरात बसवून ठेवलेली मुलं त्यांच्या कामामुळं शाळेत गेली, नोकरीला लागली. त्या मुलांचं अपंगत्व चारचौघांना दिसणारं होतं, तुमच्या मुलाचं दिसत नाही. म्हणून लपवायचा मोह जास्त होतो, आणि लपवलं की मदतही मिळत नाही.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, कारण त्या वयापर्यंत अक्षरं उलटीसुलटी होणं पुष्कळ मुलांत असतं. तुमचा मुलगा साडेनऊचा आहे, म्हणजे हीच वेळ. स्वावलंबन कार्डाच्या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, आधार आणि फोटो लागतो, अर्जात रुग्णालय निवडावं लागतं. अर्ज भरण्याआधी सीपीआरला जाऊन विचारा की अध्ययन अक्षमतेची तपासणी कोणत्या वारी असते आणि बुद्ध्यांकाची चाचणी तिथंच होते की बाहेरून करून आणायची. हे आधी विचारलं तर हेलपाटे वाचतात. जाताना ती वही, शाळेच्या वह्या, डोळ्या-कानांचे रिपोर्ट आणि बाईंचं पत्र न्या. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लिहून मिळालं तर कायद्याच्या बऱ्याच सोयी लागू होतात. दहावी-बारावीला पात्र मुलांना तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणं लेखनिक मिळतो. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीचं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ मध्ये सुरू झालेलं. ते अंधांपुरतं नाही, डिस्लेक्सिया असलेल्यांनाही दाखला देऊन नाव नोंदवता येतं. तो मोठा होईल, पुस्तकं जाड होतील, तेव्हा त्याचा खरा उपयोग.

तपासणीत ‘डिस्लेक्सिया नाही’ असं निघालं तरी वरचं काहीच वाया जात नाही. वाचन का अडतं याचं कारण दुसरं असेल, सराव तोच.

राहिले त्याचे बाबा. त्यांच्याशी वाद घालू नका. ही अडचण बऱ्याचदा घराण्यात चालत आलेली असते आणि ‘दोन ठेवून दिल्या की वाचेल’ म्हणणाऱ्या पुष्कळ वडिलांनी स्वतः लहानपणी त्यासाठीच मार खाल्लेला असतो. त्यांना कधीतरी शांतपणे विचारा, तुम्हाला शाळेत वाचायला कसं जायचं? उत्तर काहीही येवो, रात्रीची गोष्ट वाचायचं काम आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडं द्या. नाही म्हणाले तर नुसतं शेजारी बसून ऐकू दे. आणि सीपीआरला जाल त्या दिवशी त्यांना बरोबर न्या, बाहेरच्या बाकावर नव्हे, तपासणीच्या खोलीत.